ओलावा वजा करून

तस्मिया मुल्लाणीनं विद्यापीठातून आणून दिलं,
साबणाच्या वडीएवढं.
म्हणाली, हँडलला अडकव, ओढणीआड ठेवू नकोस,
आणि धुक्यात नेऊ नकोस,
ओलावा दिसला की ते त्यालाही धूर समजतं.

मी म्हटलं, डिसेंबरात
पुलाची शिरोलीहून निघायचं
आणि धुकं टाळायचं,
तर कुठल्या पुलावरून?

आण्णा मागं बसलेत. मफलर, माकडटोपी,
खिशात सीपीआरचा केसपेपर:
रावसो ज्ञानू चौगले, वय एकसष्ट,
धंदा, तिथं कारकुनानं रेघ मारलीय.
एकतीस वर्षं कपोला भट्टीपुढं,
ते तेवढ्या जागेत बसलं नसेल.

फाउंड्रीच्या गेटाशी एकशे अठ्ठेचाळीस.
"बंद हाय काय आज?" आण्णा विचारतात.
मला वाटलं, यंत्राचं विचारतायत.
भट्टीचं विचारत होते.
लोखंडाचा वास नाही म्हणे,
नुसत्या वाळूचा येतोय.

पुलावर दोनशे नव्वद.
पंचगंगा दिसतच नाही,
दिसतात फक्त उसाच्या ट्रॉल्या,
एकीमागं एक, स्पीकर फाटेस्तोवर लावलेले.
मी वहीत लिहिते २९०, पुढं प्रश्नचिन्ह.
यातलं नदीचं किती, आपलं किती,
हे तस्मिया नंतर वजा करणार आहे.

तावडे हॉटेलच्या चौकात सिग्नल लागला.
शेजारी केएमटी थरथरत उभी.
ड्रायव्हरनं खिडकीतून मान काढली,
"मीटर बसवलाय काय वो गाडीला?"
"व्हय," आण्णा म्हणाले,
"भाडं तुमच्याकडनं घ्यायचं हाय."
आणि मग दाभोळकर कॉर्नरपर्यंत खोकले.

सीपीआरमध्ये त्यांच्या तोंडात नळी दिली.
फुंका, फुंका, अजून, अजून, सोडू नका,
शिकाऊ डॉक्टरीण नातीच्या वयाची,
ओरडताना तिचेच गाल फुगत होते.
कागदावर सुळका यायला हवा होता म्हणे.
आला एक बसका उंचवटा,
ज्यावर शेरडंसुद्धा न थांबता चढतील.
एक्केचाळीस टक्के.
आण्णा म्हणाले, "पस्तिसाला पास करायचे आमच्या वेळंला."

परत फिरायचं, तर म्हणाले, आलोयच तर
जरा केर्लीच्या अंगाला घे गाडी.
शिवाजी पूल, वडणगे फाटा,
पुढं रस्त्याकडेला गुऱ्हाळ.
चुलव्या चुलवाणात चिपाड सारतोय,
आकडा चारशेच्या वर,
लाल दिवा थांबायला तयार नाही.
मी ओरडले, आण्णा, तोंड झाका.
त्यांनी मफलर सोडून माझ्या हातात दिला.

काहिलीकडं बघितलंही नाही.
नुसता आवाज ऐकला
आणि त्या अनोळखी माणसाला म्हणाले,
"आच मागं घे रं, पाक पुढं चाललाय."
त्यानं वर पाहिलं.
काय पाहिलं कोण जाणे,
आच मागं घेतली.

नंतर बांधावर बसलो,
उसाच्या कांड्यावर गरम गूळ घेऊन.
आण्णांनी यंत्र मागितलं, तोंडाजवळ धरलं
आणि सकाळी शिकवलेलं फुंकून दाखवलं.
दोनशे बारा.

वाफ असते श्वासात, मी घाईनं म्हटलं,
त्याला ती धूर वाटते.
"आसंल की," आण्णा म्हणाले,
बोटाला चिकटलेला गूळ चाटत,
"पर समदीच वाफ नसंल.
थोडी त्र्याण्णव सालची नाइटबी आसंल त्यात."

वहीत ठिकाणाचा रकाना आहे.
तिथं मी लिहिलं, आण्णा.
वेळ, एक वाजून दहा.
आकडा, दोनशे बारा.
प्रश्नचिन्ह काढलं, मग खोडलं.
ओलाव्याचा रकाना
तस्मियासाठी तसाच कोरा ठेवला.